श्यामाच्या डोक्यातली शीळ

वोनोसारी, ११ मार्च १९९४

चि. वेनिंगला थोरल्या भावाचे, मास पार्दीचे, अनेक उत्तम आशीर्वाद.

नदुक, पोरी, बाबांचा श्यामा पक्षी तू प्रयोगशाळेसाठी मागितलास. मेंदूतल्या पेशी कशा जोडल्यात ते पाहायला त्याचा मेंदू चिरावा लागेल, हेही लपवलं नाहीस. तुझी वहिनी म्हणाली, पोरगी शिकायला धाडली होती की खाटीक व्हायला? मी तिला गप्प केलं, पण पहाटेच्या नमाजात माझंच चित्त लागलं नाही.

बाबा आपल्याला ज्या शिळेने घरी बोलवत, तीच त्यांनी याला पिल्लू असताना शिकवली. त्यांचा पुढचा दात पडल्यावर तिच्यात हवा फुसफुसायची. श्यामा ती फुसफुसही काढतो. बाबांचा आवाज म्हणून आता एवढंच उरलंय. दुसरा पक्षी चालणार नाही का? प्रकृतीला जप.

मास पार्दी

योग्या, १९ मार्च

ती. मास पार्दी यांस शि. सा. न. वि. वि.

वहिनींना सांगा, खाटीक निदान घरी मटण तरी आणतो.

आपल्या गावच्या गमेलान वाद्यवृंदातल्या एकट्या घंटावाल्याला उभं करून सगळी चाल मागितली, तर तो काय देणार? कोणामागून कोण वाजतो, चाल त्यात असते. पेशींचंही तसंच. शीळ एकाही पेशीत नाही, त्यांच्या जोडण्यांत आहे. आणि त्या जोडण्या बाबांच्या शिकवण्याने पक्क्या झाल्या. बाजारातल्या पक्ष्याला कोणी काय शिकवलं, मला कसं कळणार? माझा प्रबंध इथेच अडलाय. तुम्ही नाही म्हणालात तर रागावणार नाही. थोडी रागावेन. तरी माया कमी करू नका.

वेनिंग

वोनोसारी, २ एप्रिल

चि. वेनिंगला आशीर्वाद.

उद्याच्या बसने पिंजरा पाठवतो. बाबा असते तर म्हणाले असते, पोरीला हवं ते दे, रडवू नकोस. शेवटपर्यंत त्याला मुंग्यांची अंडी घाल, केळ्याला तो तोंड लावत नाही. आणि सुरी उचलताना अल्लाचं नाव घे.

मास पार्दी

योग्या, ६ एप्रिल

ती. मास, शि. सा. न.

पिंजरा व्हरांड्यात टांगून मी आत हत्यारं मांडत होते. श्यामाने शीळ घातली. भानावर आले तेव्हा मी फाटकापाशी उभी होते, अनवाणी. आले, आले, असं ओरडलेही असणार, कारण पहारेकरी विचारत होता, कुणाकडे?

बाबांनी माझ्याही डोक्यात जोडण्या करून ठेवल्यात, मास. मग त्याच्यावर सुरी चालवायला हात उठला नाही. वर्ष वाया जाईल, असं सरांनी बजावलं. जाऊ दे.

शनिवारी आम्ही दोघंही येतोय. वहिनींना भात जास्त टाकायला सांगा. बोलावणं आलंय, उशीर केला तर बाबा रागावतील.

तुमची,
वेनिंग