हाराची गाठ

७ जुलै

आज सेटवर नेलेल्या, स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: सागवानी मेकअपपेटी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, जाळीवर एकेक केस विणून केलेल्या अकरा मिशा, चार दाढ्या, त्यांतली एक पिकलेली, लाल पगडी, वेताची काठी, जिची मूठ कोरायला नऊ रविवार लागले. मी कुठल्या नाट्यशाळेत गेलो नाही. विंगेत उभं राहून बघितलं, घरी आरशासमोर केलं. तेवीस वर्षं. एकाच नाटकाचे तीनशे चाळीस प्रयोग.

धानोरीच्या अंगाला एक बंगला मालिकेसाठी भाड्यानं घेतलाय. विश्रांतवाडीतल्या आमच्या घरापासून स्कूटरनं बारा मिनिटं. निघताना वासंतीनं हातावर दही ठेवलं. टीव्हीवरचं पहिलं मोठं काम, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. हसूच येत होतं मला रस्ताभर.

भूमिका: नायिकेचे वडील, अप्पासाहेब. मेकअप स्वतः केला, दोन तास दहा मिनिटं. फोटोग्राफरनं चार मिनिटांत फोटो काढला. मग प्रॉडक्शन बघणाऱ्या विक्रमला विचारलं, पहिला सीन कुठला. तो म्हणाला, सर, हाच. अप्पासाहेब मालिका सुरू व्हायच्या आधीच गेलेत, हॉलमध्ये त्यांचा फोटो राहणार. रोज दिसाल, हिरोपेक्षा जास्त. शिवाय सप्टेंबरात फ्लॅशबॅक आहे, पाच पानांचा सीन, तो तुमचाच.

पाच पानं. तेवढ्यासाठी दोन महिने भिंतीवर राहायला माझी हरकत नाही.

९ जुलै

मला काम नव्हतं, तरी गेलो. बरं झालं गेलो. फोटो पूर्वेच्या भिंतीवर! गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेला लावतात, हे एवढ्या मोठ्या युनिटमध्ये एकालाही सुचू नये? सेटिंगवाले बद्रीनाथ म्हणाले, कॅमेऱ्याला सगळ्या भिंती सारख्याच. मी म्हटलं, मला नाहीत. फोटो हलवून घेतला.

चंदनाचा हारही धड नव्हता. एक टोक नुसतं खिळ्यावर टेकवलेलं, त्यामुळे डावी बाजू चार बोटं खाली. स्टुलावर चढलो, दोन्ही टोकं जुळवली, घट्ट गाठ मारली, गाठ फ्रेममागे लपवली. काचेवर गंध लावलं. खाली उतरून बघितलं. सुरेख.

कपडेपट सांभाळणाऱ्या वेणूबाई इस्त्री हातात धरून तशाच उभ्या. जिवंत माणसाचा फोटो असला की हाराला गाठ मारत नाहीत, म्हणे. बद्रीनाथांनी तो मुद्दाम सुटा ठेवला होता. "आणि तुम्ही तर स्वतःच्या हातानं घातलात, अहो." मी म्हटलं, मग मालिकेचं आयुष्य वाढेल. त्या हसल्या नाहीत.

१६ जुलै

प्रक्षेपण सुरू होऊन तीन दिवस. भाजीवाली टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, तुम्ही अगदी त्या अप्पासाहेबांसारखे दिसता, बिचारे गेले. मी म्हटलं, मीच तो. तिनं हात जोडले, डोळे मिटले. पैसे घेतले नाहीत. तेवीस वर्षांत नाटकाच्या पाससाठी फोन करणारे भेटले, हात जोडणारं कुणी भेटलं नव्हतं. वासंतीला तीनतीनदा सांगितलं.

२१ जुलै

नारायण पेठेतल्या नाट्यसंस्थेची स्मरणिका आली. जुन्या कलावंतांच्या यादीत माझं नाव: कै. शरच्चंद्र. फोन केला. स्पृहा नावाची मुलगी बोलली. मुद्रणदोष असेल, सॉरी सर, म्हणाली. मग विचारलं, आपण त्यांचे कोण?

खालच्या मजल्यावरचे श्रीधरपंत जिन्यात भेटले. मी नमस्कार केला, ते अंग चोरून पुढे गेले. पुणेरी माणूस, लक्ष दिलं नाही. पण वर येऊन ते दारात वासंतीला म्हणाले, काही लागलं तर संकोच करू नका. कशाचा संकोच, हे तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी चहा एकच कप. विसरले, म्हणाली.

२४ जुलै

सेटवर गेलो. गेटवर कुणी अडवलं नाही, कुणी नमस्कारही केला नाही. नायिकेचं काम करणारी सलोनी फोटोसमोर रडत होती. शॉट संपल्यावर मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तिची नजर माझ्या छातीतून जाऊन भिंतीवर टेकलेली. तिनं डोळे पुसले आणि माझ्याच अंगातून पलीकडे — धक्कासुद्धा लागला नाही.

दिग्दर्शिका उत्कर्षा मॉनिटरपाशी विक्रमला सांगत होती, "फोटो काय बोलतोय, यार! फ्लॅशबॅक कट कर. आता माणूस आणला तर मजा जाईल."

माझी पाच पानं. कुणी खाल्ली? माझ्याच चेहऱ्यानं.

स्टुलावर चढलो, हार सोडायला. गाठ नाही. फ्रेममागे हात फिरवला, पूर्ण फिरवला. हार सलग आहे. टोकच नाही.

२६ जुलै

वासंती फोनवर बहिणीशी बोलत होती. चहाच्या बाबतीत फार नडायचे, म्हणाली. साखर मोजून लागायची त्यांना.

मी समोर बसलो होतो. साखर मोजत होतो.

२९ जुलै

वेणूबाईंना मी अजून ऐकू येतो. एकट्या त्यांनाच. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं: याच मालिकेत, याच कॅमेऱ्यासमोर एकदा चालताबोलता दिसा. मग मी हार उतरवते. आपोआप सुटेल.

मग विक्रमकडे गेल्या. अप्पासाहेबांसारखे दिसणारे एक गृहस्थ बाहेर बसलेत, काहीतरी काम द्या, म्हणाल्या. त्यानं यादी बघितली. काम निघालं. उद्याचंच.

मी नाही म्हटलं. का, ते इथे लिहायची इच्छा नाही.

वेणूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं." मागून दोनदा हाक मारली. त्या वळल्या नाहीत.

३१ जुलै

त्यांनाही आता —

सकाळपासून हाका मारतोय. वासंती. श्रीधरपंत. गॅलरीतून रस्त्यावरच्या लोकांना. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, माइकशिवाय —

वासंतीचं कपाळ मोकळं आहे.

२ ऑगस्ट

अक्षर फिकं उमटतंय. पेन नवं आहे.

आमच्या हॉलमध्ये ठोकाठोकी. बघायला गेलो नाही. आवाज दक्षिणेच्या भिंतीचा —

लिहून ठेवतो, कुणी वाचलं तर. काम वॉचमनचं होतं. सोसायटीच्या गेटवरचा. सलोनीची गाडी आली की सलाम करायचा आणि म्हणायचं, "ताई, आज उशीर झाला." चार शब्द. एक दिवस. मी वेणूबाईंना म्हटलं, सांगा विक्रमला, ज्यानं तीनशे चाळीस प्रयोग केले तो सलाम करत नाही. बाराशे रुपये देत होता, जेवण धरून, बाराशे, आणि मी —