चार वाजताचं केळं

उस्ताद, आज सकाळी माझ्या मोठ्या भावानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चहाचे फायदे पाठवले. चहानं म्हणे हृदय चांगलं राहतं, डोकं तरतरीत राहतं, आणि बिनसाखरेची कॉफी लिव्हरला मानवते. वर वाफाळत्या कपाचा फोटो, खाली जोडलेले हात. सगळ्यांनी अंगठे दिले. मला ते पाहून शिसारी आली. मोबाइल काउंटरवर पालथा घातला आणि समोरची जळालेली मोटर उघडायला घेतली. फायद्यांबद्दल माझं भांडण नाही. मागच्या वर्षी बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, दोन-तीन कप घ्या, साखर कमी टाका, जेवणाला लागून घेऊ नका, काही होत नाही. किळस आली ती पाठवणाऱ्याची, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त माझी स्वतःची.

तुम्हाला हे फायदे कुणी सांगायची गरज नव्हती. उमरखेडला स्टँडमागच्या गल्लीत तुमचं मोटर वायंडिंगचं दुकान, म्हणजे घराचीच पुढची खोली. मी आयटीआय करून आलेला बावीस वर्षांचा गडी, लग्न ठरलेलं, आणि हाताला कामाची सवय शून्य. तुम्ही शिकवलेला पहिला नियम असा की वेढे मोजताना चहा आला तरी मान वर करायची नाही. तुमच्या घरच्या, आमच्या चाची, पडद्याआडून कपबशी पुढे सरकवायच्या आणि तुम्ही तार न सोडता नुसतं एक बोट वर करायचे. वेढे पुरे झाले, कॉइल वार्निशमध्ये बुडवून बल्बखाली वाळत घातली, की मग चहा. तोवर तो निवलेला असायचा, चाची तो परत गरम करून आणायच्या आणि तुम्ही तो बशीत ओतून फुंकायचे. आलं, गवती चहाची पात, दूध बेताचं. पहिला घोट घेऊन तुम्ही डोळे मिटता, आणि वार्निशच्या त्या उग्र वासातही मला आल्याचा वास येतो. "चाय म्हणजे दिमागाचं ग्रीस हाय बाबू," तुम्ही म्हणता, "नाही टाकलं तं बेअरिंग आवाज करते." मी हसतो, आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळतो.

मी ते गिळायचो, कारण भावानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "काम शीक, पण तिथलं पानीसुदिक तोंडात घालू नको. सालीतलं चालते, केळं, संत्रं. बाकी काही नाही." त्याच्या त्या कायद्यात फळाची साल म्हणजे भिंत होती, बाहेरून कुणाचाही हात लागो, आतलं बाटत नाही. मला तो कायदा मूर्खपणाचा वाटत होता, हे मी आज छाती फुगवून सांगू शकतो, पण तेव्हा मी तो मुकाट्यानं पाळला. तुम्ही पहिला कप पुढे केला आणि मी म्हणालो, "उस्ताद, मले डॉक्टरनं चहा मना केला. पोटात जखम हाय." पाण्याची बाटली घरून आणायचो, तर म्हणालो, उकळलेलंच चालते. तोंडातून खोटं इतकं सफाईनं निघालं की मलाच नवल वाटलं. तुम्ही कप खाली ठेवला. इतक्या कमी वयात चहा बंद, ही बातमी तुम्हाला कुणाच्या अपघातासारखी लागली. "मंग काय चालते तुले?" तुम्ही विचारलं. मी म्हणालो, "केळं." तुम्ही मान हलवली. "बरोबर हाय. केळं पोटाले थंड."

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता तुमच्यासाठी चहा आणि माझ्यासाठी केळं. गाडीवरून तुम्ही स्वतः निवडून आणायचे, डाग पडलेलं नको, कच्चं नको. कुणी गिऱ्हाईक मला आग्रह करू लागलं की तुम्हीच आडवे व्हायचे, "त्याले नका देऊ, त्याच्या पोटात जखम हाय." तुम्ही माझ्या खोट्याची राखण करत होता आणि मी केळं सोलत होतो. पाच वर्षं मी ते खाल्लं. आज माझ्या घरात केळं येत नाही, त्याचा तो गिळगिळीत गोडपणा जिभेला लागला की मी थुंकून टाकतो. बायकोला वाटतं, मला केळं बाधतं.

आणि ती कॉफी. थंडीचे दिवस होते, तुम्ही तांब्याची तार आणायला नांदेडला गेला होतात आणि येताना कॉफीचं पाकीट घेऊन आलात. तुमच्या घरी कॉफी कुणी पीत नव्हतं. चाचींना ती कशी करतात तेही ठाऊक नव्हतं, त्यांनी पाकिटावरचं चित्र पाहून दूध उकळलं. पडद्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, चाय मना हाय, काफी तं मना नाही ना?" कपाच्या कडेला फेस होता. तो वास मला आजही येतो, आणि मी काय केलं तेही आठवतं. मी म्हणालो, "काफी तं आणखीनच गरम पडते, चाची." तुम्ही तो कप घेतला आणि प्यायलात. तुम्हाला ती आवडली नाही, तुमच्या तोंडावर दिसलं, पण कप रिकामा करूनच खाली ठेवला. थू माझ्या जिंदगीवर, असं त्या दिवशी मला वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पण खरा हिशेब स्टँडवरचा आहे. एका दुपारी तुम्ही मला बेअरिंग आणायला पाठवलं होतं आणि मी परतताना एसटीच्या कँटीनमध्ये शिरलो. रोज शिरायचो. तिथला चहा कोण करतो, कप कोण विसळतो, कुठल्या पाण्यात विसळतो, हे मी कधी विचारलं नाही, भावानंही कधी विचारलं नाही. पैसे टाकून घेतलेल्या चहाला जात नसते, इतका आमचा धर्म सोयीचा. कप तोंडाला लावलेला आणि समोर तुम्ही. कुणाला तरी गाडीत बसवायला आला असाल. आपली नजरानजर झाली. मी कप खाली ठेवू शकलो नाही, पिऊही शकलो नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि मग वळून गाड्यांच्या वेळापत्रकाचा फलक वाचू लागलात. तुम्हाला मराठी नीट वाचता येत नव्हतं. बराच वेळ तुम्ही तो फलक वाचत उभे होतात, मी निघून जाईपर्यंत.

त्या दिवशी चार वाजता मला वाटलं, आता चहा तरी येईल नाहीतर शिवी तरी. केळं आलं. तुम्ही ते नेहमीसारखं माझ्या हाताशी ठेवलंत आणि म्हणालात, "वेढे झाले का?" त्यानंतर मी दोन वर्षं तुमच्याकडे होतो. आपल्या दोघांपैकी कुणीही त्यावर बोललं नाही. तुम्ही मला एक थोबाडीत दिली असती तर मी आज इतका किळसवाणा वाटलो नसतो स्वतःला.

आता माझं मुकुटबनला दुकान आहे. भाऊ निवृत्त झाला, हायवेवरच्या कुठल्याही हॉटेलात उतरून चहा मारतो, घरी ग्रीन टीच्या पुड्या बुडवतो आणि आम्हाला आरोग्य शिकवतो. मी एकदा विचारलं, "भाऊ, तो उस्तादच्या घरचा नियम आठवते का?" तो म्हणाला, "कायचा नियम?" त्याला खरंच आठवत नव्हतं. नियम करणारा विसरतो, पाळणाऱ्याच्या अंगात तो मुरतो.

मागच्या आठवड्यात चाची आजारी असल्याचं कळलं, म्हणून उमरखेडला गेलो. दोन गाड्या बदलत जाताना एकच ठरवलं होतं, आज त्या घरचा चहा प्यायचा. चाची थकल्यात, पण कान शाबूत आहेत. तुमच्या सूनबाईंनी ट्रेमध्ये कप आणले, आल्याचा तोच वास. मी हात पुढे केला. चाचींनी कॉटवरूनच हाक दिली, "अगं, त्याले नको देऊ. त्याच्या पोटात जखम हाय. डोळे मिटताना ते मले सांगून गेले, पोरगा कवाही आला तं त्याले चाय देऊ नको, केळं दे." मी म्हणालो, "चाची, आता बरा झालो मी. आता चालते." त्या कोपरावर उठून बसल्या. "डॉक्टरनं सांगतलं का? तसंच नको पिऊ बेटा, माह्या घरात तुले काही झालं तं मी त्यायले काय तोंड दाखवू?" सूनबाईंनी कप मागे घेतला आणि फ्रीजवरचं केळं आणून माझ्या हातात ठेवलं.

म्हणजे तुम्ही त्यांना कधी सांगितलंच नाही. कॉफीचा तो कप मी का नाकारला हे त्यांना कळू नये म्हणून तुम्ही माझं खोटं शेवटपर्यंत खरं करून ठेवलंत. तिथे बसून मी स्वतःला समजावलं, की आता खरं सांगितलं तर तुम्ही राखलेलं मोडेल, तेव्हा गप्प बसण्यातच चाचींचा मान आहे. परतीच्या गाडीत उमजलं, ही माझी पोटातल्या जखमेसारखीच दुसरी सबब आहे. हे तुम्हाला लिहिलेले कागद मी वार्निशच्या डब्याखाली ठेवणार, चाचींना ते कुणी वाचून दाखवणार नाही. मी भ्यालो, उस्ताद. केळं सोललं, आणि त्यांच्यासमोर पूर्ण खाल्लं.