सीटखालचा पाइप

रत्नागिरी,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

हर्षददादा,

नमस्कार. मालगुंडला घरी सगळे बरे आहेत. थंडी पडली आहे, वरच्या बागेत मोहोर दिसू लागला आहे. आप्पांचा गुडघा तसाच आहे; ते डॉक्टरांचं ऐकत नाहीत, तेही तसंच. मी आठवडाभर इथे शहरात खोलीवर असते आणि शनिवारी संध्याकाळी घरी जाते.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू दोन वाक्यांनंतर "बरं, ठेवतो" म्हणतोस, आणि मला जे सांगायचं आहे ते दोन वाक्यांत मावणारं नाही. माझ्या ऑफिसातला दर्शन उद्या सकाळी देवरूखला येतो आहे. त्याच्या हाती देते.

शनिवारी मनीषावहिनींचा फोन आला होता. तू सतरा वर्षांची जुनी व्हॅन घेतलीस, सोनूला आणि शेजारच्या दोघींना शाळेत सोडतोस, सोनू हट्टाने पुढच्या सीटवर बसते, हे त्यांनी सांगितलं. सीटखालून पेट्रोलचा वास येतो हेही सांगितलं. त्यावर तू म्हणालास म्हणे, "जुनी गाडी आहे, वास यायचाच. पेट घेईल असं मी गाडीत काही ठेवतच नाही. काडेपेटी नाही नि उदबत्ती नाही."

दादा, जुन्या गाडीलाही वास यायचा नसतो. तुझ्या गाडीचं इंजिन सोनूच्या सीटखाली आहे. पाइप बदलून होईपर्यंत गाडी दारातून हलवू नये, असं मी वहिनींना सांगितलं आहे. तुझी चिडचिड होईल. होऊ दे.

विमा कंपन्यांसाठी जळालेल्या गाड्या तपासायच्या आणि आगीचं कारण शोधून लिहायचं, हे माझं काम. तीन वर्षांत एकोणीस व्हॅन बघितल्या. त्यातल्या बारा व्हॅनांत कारण पेट्रोलचा पाइप किंवा त्याचा क्लॅम्प होतं. रबर वाळतं, चिरतं, थेंब गरम सायलेन्सरवर पडतो. उरलेल्यांत गाण्याच्या डब्यासाठी फ्यूज न लावता ओढलेल्या वायरी होत्या, तेलाची गळती होती, आणि एकीत इंजिनावर विसरलेलं फडकं. उदबत्तीने पेटलेली एकही नाही. तुझ्या गाडीला इंजेक्शन आहे, म्हणजे पाइपात दाब जास्त. छोटी चीरसुद्धा पिचकारीसारखी उडते.

आपली व्हॅन आठवते? पांढरी, मागच्या काचेवर आप्पांनी रंगवून घेतलेला आंबा, जो सगळ्यांना पपई वाटायचा. पुढच्या सीटवर थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखं वाटायचं आणि मे महिन्यात खाली गोणपाट घालावं लागायचं. तू सीट उचलून इंजिन दाखवायचास आणि मी बॅटरी धरायची. माझा हात हलला की तू म्हणायचास, "ज्ञानू, देवाला ओवाळत्येस काय? स्थिर धर!" कार्बोरेटर हा शब्द मी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. पुढे कॉलेजात सरांनी तोच भाग टेबलावर ठेवला तेव्हा वर्गात मी एकटीच तो आधी हातात घेतलेली होते. गणपती आणताना तू वीसच्या वर वेग जाऊ द्यायचा नाहीस आणि मागून वाडीतले भिवाकाका ओरडायचे, "अरे, विसर्जनापर्यंत तरी पोचव!"

मला या कामात कशाने ओढलं असं कोणी विचारलं की मी तुझं नाव सांगते. पुढचं सांगत नाही.

२०१३ चा मे. आरे-वारेचा चढ, मागे आंब्याच्या बेचाळीस पेट्या, पेंढा, आणि पुढे आपण दोघं. सीटखालून धूर आला. तू गाडी थांबवलीस, आधी मला बाहेर ओढलंस, चाकामागे दगड लावलास आणि काय पेटलंय ते बघायला सीट उचललीस. हवा मिळाली आणि ज्वाळा वर आली. तुझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. (सोनूला शिकव: धूर दिसला की किल्ली बंद, सगळे बाहेर, सीट उचलायची नाही.)

आप्पा मोटरसायकलवरून पोचले तेव्हा तू हात धरून रस्त्याकडेला बसला होतास. त्यांनी हाताकडे बघितलं नाही. "सकाळी उदबत्ती लावलीवतीस ना? पेंढ्याच्या गाडीत? जाळलीस माझी गाडी!" तू म्हणालास, "विझली होती हो आप्पा, घरातून निघतानाच विझली होती." भिवाकाका गर्दीत बोलले, "उदबत्ती कसली, होम केलान् ह्यानं!" लोक हसले. मी तिथे होते. मी काही बोलले नाही, कारण मलाही उदबत्तीच वाटली होती. हे पहिल्या दोन वर्षांपुरतं खरं आहे.

आता कारण लिहिते.

त्या वर्षी मार्चमध्ये, माझी दहावीची परीक्षा संपल्यावर, पेट्रोलचा पाइप पाझरत होता. तू मुंबईला गेला होतास. आप्पा म्हणाले, "हर्षद आला की बघेल." मला करून दाखवायचं होतं. पडवीत बागेच्या फवारणी पंपाचा जादा पाइप होता, जाडी अगदी बरोबर. मी वीतभर कापला, बसवला, क्लॅम्प आवळले. गळती थांबली. तू आलास तेव्हा तुला वाटलं आप्पांनी मेकॅनिक बोलावला. आप्पांना वाटलं तू केलंस. तुम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही आणि मला मनातून फार गंमत वाटली. आंबे संपले की सांगणार होते.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी सरांनी दोन पाइपांचे तुकडे पेट्रोलमध्ये ठेवले. एक गाडीचा, एक फवारणीचा. तीन आठवड्यांनी फवारणीचा लाकडासारखा कडक झाला, आकसला, वाकवताच तडकला. मी वहीत निरीक्षण नीट लिहिलं. दहापैकी दहा मिळाले.

म्हणजे दहा वर्षं मला माहीत आहे. सोळाव्या वर्षी चूक केली ती अज्ञानाने. नंतरच्या दहा वर्षांना तसं म्हणता येत नाही. त्या वर्षांत तू घर सोडलंस, मोठ्या काकांच्या वर्षश्राद्धालाही पाहुण्यासारखा येऊन गेलास, आणि आप्पांनी नवी गाडी घेतली तेव्हा किल्ली तुझ्या हाती दिली नाही. दर वेळी वाटलं, आता सांगून काय उपयोग. वहिनींचा फोन आला आणि कळलं की तू अजून उदबत्तीलाच घाबरतोस, म्हणून वासाला घाबरत नाहीस. ते माझ्यामुळे.

काल आप्पांना सांगितलं. ते अंगणात नुसते बसले होते, म्हणून तीच वेळ निवडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि त्याच्या हाताचं काय करायचं आता?"

रविवारी पहिल्या एसटीने येते आहे. पेट्रोलसाठीचाच पाइप, नवे क्लॅम्प आणि ड्रायव्हरच्या हाताला येईल असं आग विझवायचं नळकांडं आणते. तू म्हणालास तर बसवून देईन, तू तपास. मी हात लावू नये असं वाटलं तर सामान वहिनींकडे ठेवून परत जाईन, तिथल्या चांगल्या मेकॅनिककडून बसवून घे. आप्पा म्हणतात, "मीही येतो, गुडघ्याचं बघू." त्यांना आणायचं की नाही, ते वहिनींकडून कळव. नको म्हणालास तर मी त्यांना समजावेन.

माफी मी इथे लिहिलेली नाही. ती तुझ्यासमोर उभं राहून मागायची आहे.

तुझ्या हातावरच्या डागाला जबाबदार,
ज्ञानेश्वरी