सुनेच्या मनातलं मला विचारा

सोमवार, ३
विद्यापीठातल्या चष्मेवालीने वही दिली. म्हणाली, आजी, आता तुम्हीही संशोधक. बायकांना स्वतःसाठी किती वेळ मिळतो, ते तुम्ही घरोघरी विचारायचं. आणि या कामाचा तुमच्यावर काय परिणाम होतो ते वहीत लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही.
चौथी पास बाईवर कसला परिणाम? काही नाही.

बुधवार, ५
शिकवणी झाली. नियम एकच : प्रश्न विचारा, मग गप्प बसा. हे मला सांगते! मी मुळातच कमी बोलणारी. गल्लीत कुणालाही विचारा, नाहीतर मीच सांगते.

शनिवार, ८
दोन मुलाखती. वरच्या मजल्यावरची मास्तरीण घुमी. शिवणवाली तिच्याहून घुमी. दोघींची मिळून पाच वाक्यं. बाकीचं रेकॉर्डिंग मलाच भरावं लागलं.

मंगळवार, ११
चष्मेवाली रडली. तिचे सर म्हणाले म्हणे, ही मुलाखत की आजीबाईंचं भाषण? म्हटलं, सरांना पाठव माझ्याकडे. दोन कप चहा प्यायली. म्हणाली, माझ्या आईपुढे मला असं रडता येत नाही. म्हटलं, आधी नाक पूस.

शुक्रवार, १४
यादीत सून. चष्मेवाली म्हणाली, घरच्या माणसाची मुलाखत तुम्ही नको, मी घेते. म्हटलं, वीस वर्षं एका ओट्याशी उभ्या आहोत, तिच्या मनातलं मला विचार.
घेतली. फक्कड झाली. सुनेची एकही तक्रार नाही.

रविवार, १६
चष्मेवालीने घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकवलं. एक तास चार मिनिटं.
सून : मला कधीकधी...
मी : कंटाळा येतो. सगळ्यांनाच येतो.
सून : तसं नाही, आई, मला...
मी : समाधानी आहेस. लिहिते.
असं अकरा वेळा. चष्मेवालीने मोजलं. एवढं शिकून मोजणंच येतं! मुलगा पोट धरून हसला. सून हसली नाही. मशीनच बिघडलेलं असणार.

सोमवार, १७. संध्याकाळी पाच
पुन्हा मुलाखत. सून आणि चष्मेवाली आतल्या खोलीत, दार लावून. माझंच घर, मीच बाहेर! दाराशी स्टूल टाकलं ते गुडघ्यांसाठी. कान लावला नाही. लावला तरी पंख्याच्या घरघरीत काही कळत नाही.

पावणेसहा
सून हसली. माझ्यावर असेल तर बघतेच.

साडेसहा
हसणं थांबलं. आता हळू बोलतेय. चष्मेवालीचा आवाजच नाही.

सव्वासात
कुकर मीच लावला. सून अजून बोलतेय. मुलगा आला, म्हणाला, आई, एवढं काय सांगतेय गं ती?
म्हटलं, मला काय माहीत.