किती मशीनवर चालू आहे?

३ ऑक्टो. २०२५, शुक्रवार. स. ९.४०
पत्रिकांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड ब्रशने पुसत होतो. चिकट. काल दसऱ्याच्या पूजेत मालकांनी, भाऊंनी, नारळ कॅबिनेटवरच फोडला, मशीन चालू असताना. दर वर्षी तिथंच फोडतात. पण मशीन तापतं म्हणून यंदा उन्हाळ्यापासून झाकण काढलेलं. भाऊ म्हणाले, “देवाचं पानी हाय, त्यानं कसं जळंल?” जळका वास आला तेव्हा धावत जाऊन प्लग काढला.
लग्नपत्रिकांचे सगळे नमुने त्यातच. डिस्क कोरडी आहे. बहुतेक.

६ ऑक्टो., सोम.
नवा बोर्ड बसवला. चालू झालं! नमुने जागच्या जागी. पण कोपऱ्यात फिकट अक्षरं: विंडोज ॲक्टिव्हेट करा.
डिस्क तीच, स्क्रीन तोच, कॅबिनेट तीच. एक बोर्ड बदलला तर म्हणतं, मी ते मशीनच नव्हे. मग ‘ते’ नेमकं कशात असतं?
भाऊ : “चोरीचं टाक की. समदे टाकत्यात.”
नको म्हणालो. आपला परवाना विकत घेतलेला आहे, नव्या बोर्डावर चालतो, मी वाचलंय.
“मग जमव. जमलं तर बाजूचा गाळा तुला, दुरुस्तीला. न्हाई तर बस पाकिटं चिकटवत.”
बारावी नापासाला गाळा! घरी, वडिवळ्यापर्यंत सायकल कशी आली कळलं नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
परवान्याची पंचवीस अक्षरं टाकली. तीनदा पडताळली. उत्तर: दुसऱ्या मशीनवर वापरात आहे.
म्हणजे जळका बोर्ड विंडोजवाल्या कंपनीच्या लेखी अजून जिवंत? तो तर कागदात गुंडाळून माझ्यासमोर. तो गेला हे त्यांना कळवायचं कोणी?

९ ऑक्टो., गुरु. लोणावळा
तुंगार्लीला, भाऊंच्या मुलीकडे कीबोर्ड पोचवायला. ताई तिथं खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करते. कीबोर्ड बसवता बसवता सहज तिच्या विंडोजचा परवाना पाहिला. शेवटची पाच अक्षरं आपलीच.
“बाबांनीच टाकून दिलं होतं. का रे, तोंड का पडलं?”
“काही नाही.”
चहा अर्धाच प्यालो. जळक्या बोर्डावर उगाच आळ.

१० ऑक्टो., शुक्र.
भाऊंना सांगितलं. हसले. “अरं, घरात सिलिंडर एक आन् शेगड्या दोन आस्त्यात. इकत घेतलं म्हंजी घराचं झालं.”
एका परवान्यावर एकच मशीन, म्हणालो.
“कुटं लिवलंय?”
दाखवलं. चष्म्याशिवाय बराच वेळ वाचत राहिले. मग विचारलं, “ताईचं बंद पडंल का?” नाही, फक्त कोपऱ्यात अक्षरं येतील.
“म्हंजी बापानं चोरीचं दिलं आसं दिसंल.”
आता मार्ग एकच, कंपनीला फोन. किती मशीनवर चालू आहे ते त्यात विचारतात.
जाताना म्हणाले, “उद्या फोनवर एकच सांग.”
विचार करतोय. बोर्ड बदललेला एका क्षणात ओळखतं, आणि शेवटी आमच्या शब्दावर विसंबतं? असं का केलं असेल?

११ ऑक्टो., शनि. दु. ३
फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज, हिंदीत: किती मशीनवर चालू आहे? भाऊ समोर, एक बोट वर करून. मी दोन दाबलं. ठरवलं नव्हतं.
भाऊंचं बोट तसंच राहिलं.
मग फोनवर खऱ्या बाई आल्या. रागावल्या नाहीत. दोन्हींपैकी कोणत्या मशीनवर ठेवायचं ते ठरवून सोमवारी सांगा, म्हणाल्या.
भाऊंना सांगितलं. मोबाइल घेऊन रस्त्यावर गेले, ताईला विचारायला. मी काचेतून पाहत होतो. खूप वेळ बोलले. एकदा हसलेही.
आत आल्यावर विचारलं, “काय म्हणाली ताई?”
“इचारलंच न्हाई,” म्हणाले. “जेवली का, यवडंच बोललो.”