खाल्लेल्या घासाचा हिशेब

तुला आणि बाबांना नमस्कार.

आई, मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. तुझ्या कानाच्या मशीनचे पैसे अजून जमलेले नाहीत. पाचवा हिस्सा कमी आहे. बाबांनी दुकानदाराला शब्द दिला असेल, तर दोन महिने थांबायला सांग.

पैसे हरवले नाहीत, घाबरू नकोस. तू शिकवलंस तशी वही रोज लिहिते. साबण, बस, भाडं, सगळं. पण खाल्लेल्या घासाचा हिशेब मांडू नये, हेही तूच शिकवलंस ना? म्हणून चारचा चहा आणि बिस्किटं मी कधी लिहिलीच नाहीत. शिलाई विभागात आम्ही सहाजणी त्याचे पैसे पाळीपाळीने देतो. तुला लिहिलं ते वहीतली शिल्लक पाहून. काल पैशांचा डबा उघडून नोटा मोजल्या, तर वहीपेक्षा कमी भरल्या.

चहा सोडते म्हटलं, तर शेजारी बसणाऱ्या मावशी हसल्या. "अगं, दोन घोटांनी कुणी भिकेला लागतं का?" मी कप उचलला. ही नोकरी त्यांनीच लावून दिली आहे.

जेवण मात्र नीट चालू आहे. बाबा हल्ली तुझ्याशी मोठ्याने बोलतात, की नुसते हातवारेच करतात? रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरत जा.

शुक्रवारी चहाचे पैसे द्यायची माझी पाळी आहे, ती चुकवणार नाही. फुकटचं पिऊन उठले असं व्हायला नको. मग मावशींना तुझ्या कानाचं खरं सांगेन, आणि चारची घंटा झाली तरी जागेवरच बसेन. सोमवारपासून, बारा तारखेपासून.

तुझी धाकटी