पांढऱ्या पट्टीची रांग

३ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शेडमधली वाटाण्याची चाळीसही रोपं सुखरूप पोचली. मामींनी मुळांना ओलं फडकं असं गुंडाळलं होतं की आमच्या प्रयोगशाळेतली मदतनीस म्हणाली, ही रोपं आहेत की तान्ही बाळं!

दोन दिवस मी मुळांवरच्या गाठी मोजतेय. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला भरवतात, हे तुम्हाला मी काय सांगणार? लाल पट्टीच्या कुंड्यांना आपण जस्ताची ती नॅनो पूड पाण्यातून दिली, पांढऱ्या पट्टीच्यांना नुसतं पाणी. लाल रांगेत झाडामागे सात गाठी निघाल्या, पांढऱ्या रांगेत नऊ. म्हणजे फरक नाहीच. पुडीचा या जिवाणूंना त्रास नाही, असा अहवाल मी पंधरा तारखेला सही करून देणार आणि मग ती पोत्यापोत्यांनी शेतांत जाणार. माझ्या सहीचा हा पहिलाच अहवाल, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या मातीत गाठी नेहमीच इतक्या कमी येतात का?

लोभ आहे तसाच राहो, पाठदुखी तेवढी जावो.

तुमची भाची,
मुंगी

७ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझी शेवटची ओळ वाचली आणि उठून स्वयंपाकघराच्या खिडकीतली कुंडी उपटली. तुझ्या मामीने उरलेलं बी आपल्याच मातीत लावलं होतं, त्याला पूड कधीच दिली नव्हती. गाठी भरल्या एकेचाळीस. मामी म्हणाली, शेंगा धरलेलं रोप उपटण्याआधी माणसाने विचारावं. काय झालंय ते मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

मुंगे, चूक माझी आहे. दुसऱ्या आठवड्यात पांढरी रांग मलूल दिसायला लागली. लाल रांग हिरवीगार आणि ही बिचारी शेजारीच. तीस वर्षं रोपं वाढवतोय, एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला तोंडाकडे बघत ठेवायचं, हे माझ्याच्याने होईना. पुडीच्या पाण्याच्या लाल झारीत तळाशी उरेल ते मी पांढऱ्या कुंड्यांत ओतत गेलो. दर शनिवारी कुंडीला अर्धी वाटी. लाल कुंडीला चार वाट्या जायच्या, म्हटलं एवढ्याने काय होतंय! तुझ्या सूचनांचा कागद दारामागे चिकटवलेला होता, रोज दिसत होता. फार लाज वाटते.

सही करू नकोस. मामावर चिडलीस तरी चालेल, पण लिहायचं सोडू नकोस.

तुझा
मामा

११ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

चिडले तर होतेच. पत्र हातात घेऊन जिन्यात बसले आणि चांगली रडले. मग उठून प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाईंकडे गेले. बाईंनी कपाळावर हात मारला. पूड बनवणाऱ्यांना तारीख दिलेली आहे, एवढ्यातेवढ्यासाठी कशाला थांबायचं, असं वरचे साहेब म्हणाले. मी सांगितलं की खोट्या आकड्यांखाली माझी सही होणार नाही. शेवटी आठ आठवडे मिळाले. तेवढ्यात जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल.

मामा, खिडकीतल्या एका रोपावरून मी काही म्हणणार नाही. पण अर्ध्या वाटीनेच गाठी गेल्या असतील तर? म्हणून या वेळी तीन रांगा लावायच्या. निळी पट्टी तुमच्या अर्ध्या वाटीची. तिला आम्ही इथे मामांची रांग म्हणतो, रागावू नका. पांढरीला फक्त पाणी. दया आली तर मला पत्र लिहा, झारीला हात लावू नका.

रागावले असले तरी
तुमचीच मुंगी

२० एप्रिल

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या आठवड्यात पांढरी रांग पुन्हा पिवळी पडली. हात नुसते शिवशिवत होते. मी लाल झारी मामीच्या ताब्यात दिली. ती शनिवारी स्वतः मापून द्यायची आणि उरलेलं बाटलीत भरून कुलपात ठेवायची. घरात माझी काडीची पत राहिलेली नाही.

आणि ऐक. पाचव्या आठवड्यात पांढरी रांग आपली आपणच हिरवी झाली. गाठी कामाला लागल्या असणार. मागच्या वेळी मला तेवढा धीर धरता आला नाही. साठ रोपं उद्या निघतील; पांढऱ्या रांगेत एक कुंडी जास्तीची लावली होती, ती इथेच शेडमध्ये राहील. तुझ्या कामात मला धरून ठेवलंस, हे मी विसरणार नाही.

तुझा
मामा

३ मे

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

लाल रांग झाडामागे सहा गाठी, पांढरी अडतीस, आणि मामांची रांग अकरा. मी तीनदा मोजल्या, मग बाईंनी मोजल्या. गाठी घालवायला अर्धी वाटीसुद्धा पुरते, मामा. पहिला प्रयोग का फुकट गेला तेही अहवालात लिहिलंय, काही लपवलेलं नाही. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण पूड आता थांबली आहे. या वेळी सही करताना धाकधूक नव्हती.

मामींची खिडकी आपल्यामुळे रिकामी झाली. पांढऱ्या रांगेतली जी एक जास्तीची कुंडी शेडमध्ये राहिली आहे, ती तिथे ठेवा. माझ्यावर हवी तेवढी माया करा, पण तिला पाण्याशिवाय काही देऊ नका.

तुमची
मुंगी